नोंदवहीबाहेरचा फलंदाज : जोश गिब्सन

२० जानेवारी १९४७ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जोश गिब्सन यांचे निधन झाले. वय अवघे पस्तीस. बेसबॉलच्या मैदानावर त्यांच्यासारखा समर्थ फलंदाज दुसरा झाला नाही, असे मानणारे त्या काळीही पुष्कळ होते. परंतु या माणसाने जन्मभरात किती सामने खेळले, किती वेळा फलंदाजीस उभा राहिला आणि किती फटके मारले, हे सांगू शकेल अशी एकही अधिकृत वही त्या दिवशी त्यांच्या देशात नव्हती. ती वही तयार होण्यास पुढे सत्त्याहत्तर वर्षे लागली. आणि ती तयार झाली तेव्हा तिच्या पहिल्या ओळीवर गिब्सन यांचेच नाव आले.

प्रस्तुत स्मरणिकेच्या कामासाठी शाळेची जुनी दप्तरे आम्ही उघडली, तेव्हा आरंभीच्या काही वर्षांतील क्रीडास्पर्धांची नोंद कोठेच सापडेना. ढाली कपाटात आहेत. त्या कोणी जिंकून आणल्या, हे मात्र ज्याच्या त्याच्या आठवणीत आहे. एकाच लांब उडीचे अंतर दोन माजी विद्यार्थी दोन प्रकारे सांगतात आणि दोघेही शपथेवर सांगतात. त्या शोधाशोधीत गिब्सन यांची कथा आम्हांस वारंवार आठवत राहिली, म्हणून ती येथे मांडत आहोत.

आपल्याकडे क्रिकेट घरोघरी ठाऊक आहे, बेसबॉल नाही; तेव्हा दोन शब्द खेळाविषयी. बेसबॉलमध्ये फलंदाज चेंडू मारून धावतो आणि ओळीने ठेवलेले चार बेस गाठून परत येतो, तेव्हा एक धाव होते. चेंडू कुंपणापलीकडे गेला की चारही बेस एकदम. त्यास होम रन म्हणतात. आपला षटकार तो हाच. चेंडू मारून फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचला तर तो ‘हिट’ धरतात. दर हजार संधींमागे किती हिट, ही फलंदाजाची सरासरी. हजारांत तीनशे, म्हणजे ०.३००, साधणारा फलंदाज उत्तम गणला जातो. दहापैकी सात वेळा अपयश आणि तरीही उत्तम, हे क्रिकेटच्या प्रेक्षकाला चमत्कारिक वाटेल; पण हा खेळच तसा कठीण आहे. ताशी नव्वद मैलांच्या वेगाने येणारा चेंडू गोल दांडक्याने मारावयाचा असतो. सरासरीखेरीज आणखी एक मोजमाप आहे, त्यास स्लगिंग म्हणतात. त्यात एका बेसचा फटका एक, दोन बेसचा दोन आणि होम रन चार असा धरून त्या बेरजेला संधींच्या संख्येने भागतात. फटक्यात किती जोर होता, हे त्यावरून कळते.

जोश यांचा जन्म २१ डिसेंबर १९११ रोजी दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातील ब्यूना व्हिस्टा या लहानशा गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम अर्धे शतक होत होते, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबाच्या नशिबी शेतमजुरी व पावलोपावली अपमान, एवढेच होते. त्या काळात लक्षावधी माणसे गाव सोडून उत्तरेच्या कारखानदारी शहरांकडे निघाली. वडील मार्क गिब्सन आधी पिट्सबर्गला गेले, तेथे पोलादाच्या कारखान्यात कामास लागले आणि मग त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. जोश तेव्हा बारा वर्षांचे होते. वीजतंत्र्याचे शिक्षण देणाऱ्या शाळेत त्यांचे नाव घातले गेले, परंतु नववीनंतर शाळा सुटली. मग कारखान्यात काम, पुढे एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालविण्याचे काम, आणि सुटीच्या दिवशी बेसबॉल.

बेसबॉलमध्ये त्या वेळी एक नियम होता, जो कोणत्याही नियमपुस्तकात छापलेला नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हे कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या श्रेणीत खेळले. त्यानंतर त्या दारास जी कडी लागली ती साठ वर्षांवर निघाली नाही. संघांचे मालक विचारल्यास म्हणत की, असा काही नियमच नाही. ते खरेच होते. नियम लिहिलेला असता तर निदान त्याविरुद्ध अर्ज तरी करता आला असता. वेशीबाहेर ठेवलेल्या या खेळाडूंनी अखेर आपली वेगळी व्यवस्था उभी केली. १९२० साली कॅन्सस सिटी येथे रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. (‘निग्रो’ हा शब्द आज अवमानकारक मानतात, परंतु त्या संस्थांचे ते स्वतःचे नाव असल्याने आम्ही ते तसेच ठेवले आहे.)

पिट्सबर्गजवळच्या होमस्टेड ग्रेज या नामांकित संघात जोश १९३० च्या उन्हाळ्यात आले. ते कसे आले, याची एक कथा आहे. विजेच्या दिव्यांखाली सामना चालू होता. चेंडू नीट दिसेना, तेव्हा ग्रेजच्या कॅचरच्या हाताला इजा झाली. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसणारा खेळाडू. प्रेक्षकांत बसलेल्या अठरा वर्षांच्या जोशला तेथूनच हाक मारून मैदानात उतरविण्यात आले, असे सांगतात. कथा सुंदर आहे. तिचे तपशील मात्र दर सांगणाऱ्यागणिक बदलतात. त्या मोसमाच्या अखेरीस ते ग्रेजचे कॅचर होते, एवढे निश्चित.

त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी हेलन जुळ्यांना जन्म देताना वारल्या. मुलगा आणि मुलगी वाचली. मुलाला बापाचे नाव मिळाले, मुलीला आईचे. मुले आजोळी वाढली आणि अठरा वर्षांचा बाप संघाबरोबर गावोगाव फिरू लागला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्यांनी एक फटका मारला. तो चेंडू मैदानाबाहेर गेला असे कोणी म्हणतात, मागच्या भिंतीला लागून आत पडला असे कोणी म्हणतात. हा वाद आजही मिटलेला नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर महिन्याभरात या तरुणाच्या मनाची अवस्था काय असेल, याविषयी मात्र कोणी वाद घालत नाही. ते कोणी नोंदविलेलेच नाही.

१९३२ ते १९३६ या काळात गिब्सन पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघात होते. संघाचे मालक गस ग्रीनली हे आपल्याकडील मटक्यासारख्या आकड्यांच्या धंद्यातून श्रीमंत झालेले गृहस्थ. शहरातील मोठ्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंना भाड्याने खेळता येई, पण कपडे बदलण्याच्या खोल्या वापरता येत नसत. ग्रीनली यांनी मग स्वतःचे मैदानच बांधले. त्या संघात गिब्सन यांच्याबरोबर पिचर सॅचेल पेज, वाऱ्यासारखे धावणारे कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्स्टन आणि ज्युडी जॉन्सन होते. हे पाचही जण पुढे बेसबॉलच्या सन्मान-दालनात गेले. त्या काळी मात्र रात्रभर बसमधून प्रवास, उपाहारगृहाच्या मागील दाराने मिळेल ते अन्न आणि एका दिवसात दोन-दोन सामने, असा त्यांचा दिनक्रम होता.

आकड्यांचा प्रश्न येथूनच उपस्थित होतो. श्वेतवर्णीयांच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ मोसमात १५४ सामने खेळत असे. प्रत्येक सामन्यास अधिकृत गुणलेखक असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देशभरच्या वृत्तपत्रांत धावफलक छापून येई. निग्रो लीगचे मोसमातील अधिकृत सामने साधारण साठ ते ऐंशी. बाकीचे शंभरावर सामने पोटासाठी : कधी गावच्या संघाशी, कधी कारखान्याच्या संघाशी, कधी मोसम संपल्यावर मेजर लीगच्या खेळाडूंशीही. पगारी गुणलेखक ठेवणे सगळ्या संघांना परवडत नसे. पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर यांसारखी कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे साप्ताहिक होती. आठवड्यातील पाच सामन्यांपैकी दोनांचे धावफलक छापायला जागा मिळे; उरलेल्या तिघांचा फक्त निकाल. पाहुण्या संघातील खेळाडूचे कधी आडनावच छापले जाई, तेही चुकीच्या अक्षरांत.

अशा वेळी समाज काय करतो? तो आठवण ठेवतो. वही दुसऱ्याच्या हातात असली की आख्यायिका हीच आपली वही होते. गिब्सन यांच्या होम रनचे आकडे तोंडोतोंडी वाढत गेले. मोसमात सत्तर, कोणी म्हणे ऐंशी, जन्मभरात आठशे. सन्मान-दालनातील त्यांच्या फलकावरही जवळजवळ आठशे असाच उल्लेख कोरलेला आहे. लोक त्यांना काळा बेब रूथ म्हणत. त्यावर त्यांच्या वस्तीतील लोक उलट विचारीत की, रूथलाच गोरा जोश गिब्सन का म्हणू नये. हा केवळ विनोद नव्हता. मोजमापाचा गज कोणाच्या हाती असावा, असा तो सवाल होता.

१९३७ साली गिब्सन, पेज आणि बेल यांना डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहिय्यो याच्या नावाने खेळणाऱ्या संघाने भरपूर पैसे देऊन नेले. ती हकीकत मोठी रंजक आहे, पण येथे विस्तार नको. परतल्यावर गिब्सन पुन्हा ग्रेजमध्ये आले आणि त्या मोसमात त्यांचे स्लगिंग ०.९७४ इतके झाले. १९४० व १९४१ साली ते मेक्सिकोत खेळले. ग्रेजचे मालक कम पोझी यांनी करारभंगाचा दावा लावला. गिब्सन परत येण्यास तयार झाले तेव्हा तो मागे घेतला. मेक्सिकोत आणि प्वेर्तो रिकोत त्यांना पैसा अधिक मिळेच. शिवाय तेथे कोणत्याही हॉटेलात पुढच्या दाराने जाता येई. मायदेशातील खेळाडूने परदेशात माणूस म्हणून राहावे आणि मोसम सुरू झाला की पुन्हा मागील दाराशी यावे, या येण्याजाण्याचा मनावर होणारा परिणाम कोणत्याही सरासरीत धरता येत नाही.

१९४३ च्या पहिल्याच दिवशी ते बेशुद्ध पडले. मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले, असे त्यांचे निकटवर्ती सांगत. शस्त्रक्रियेने आपण कायमचे निकामी होऊ, या भीतीने त्यांनी ती नाकारली. मद्यपान वाढले होते, तीव्र डोकेदुखी होती, गुडघे झिजले होते, आणि अधूनमधून मनोरुग्णालयात ठेवावे लागत होते. त्या वर्षी या माणसाने ०.४६६ च्या सरासरीने फलंदाजी केली. मेजर लीगच्या इतिहासात एका मोसमाचा त्याआधीचा उच्चांक ह्यू डफी यांचा होता : १८९४ साली ०.४४०. हे दोन आकडे शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

ग्रेजचे बरेच सामने त्या वर्षांत राजधानी वॉशिंग्टनमधील ग्रिफिथ स्टेडियमवर होत. मैदानाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांचा स्वतःचा मेजर लीग संघ गुणतालिकेत बहुधा तळाशी रेंगाळत असे. गिब्सन यांचे फटके ते आपल्या डोळ्यांनी पाहत होते आणि ग्रेजकडून मैदानाचे भाडेही घेत होते. संघात घेण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नाही. पिट्सबर्गच्या मेजर लीग संघानेही १९४२ साली कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेण्याचे जाहीर केले होते. ती चाचणी झाली नाही.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रुकलिनच्या ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन यांच्याशी करार केला. रॉबिन्सन तरुण होते, विद्यापीठात शिकलेले होते, आणि निग्रो लीगमध्ये एकच मोसम खेळले होते. निवड योग्यच ठरली. पण तेहतीस वर्षांच्या, पंधरा वर्षे त्या दाराशी उभ्या राहिलेल्या गिब्सन यांना त्या बातमीने काय वाटले असेल? त्यांनी तक्रार केल्याचे कोणी सांगत नाही. १९४६ चा मोसम ते आजारी देहाने खेळले. जानेवारीत पिट्सबर्गच्या घरी ते गेले. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरले, तेव्हा गिब्सन यांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. वर्षभराने सॅचेल पेज यांनाही बेचाळिसाव्या वर्षी मेजर लीगचे दार उघडले.

गिब्सन यांना अॅलेघेनी दफनभूमीत पुरण्यात आले. थडग्यावर दगड नव्हता. श्वेतवर्णीय महान फलंदाज टेड विल्यम्स यांनी १९६६ साली स्वतःच्या गौरवप्रसंगी केलेल्या भाषणात पेज व गिब्सन यांची नावे घेऊन, संधीच न मिळालेल्या अशा खेळाडूंना सन्मान-दालनात जागा मिळावी, अशी इच्छा व्यक्त केली. त्या व्यासपीठावर त्या काळी हे बोलणे सोपे नव्हते. पेज १९७१ मध्ये आणि गिब्सन १९७२ मध्ये दालनात गेले. थडग्यावर दगड बसला तो १९७५ साली. त्यावर जन्म-मृत्यूची साले आहेत आणि दंतकथा बनलेला बेसबॉलपटू असा उल्लेख आहे.

दंतकथाच, कारण वहीत अद्यापि काही नव्हते. १९६९ साली मेजर लीगने एक समिती नेमून इतिहासातील कोणकोणत्या लीग ‘मेजर’ धरावयाच्या, हे ठरविले होते. सहा लीग धरल्या गेल्या. त्यांत १८८४ साली एकच मोसम चाललेली युनियन असोसिएशन होती आणि १८९० साली एकच मोसम चाललेली प्लेयर्स लीगही होती. निग्रो लीगचा प्रस्ताव फेटाळला गेला असे म्हणावे, तर तसेही नाही. तो विषय चर्चेसच आला नाही. समितीतील माणसे दुष्ट होती असे आम्हांस वाटत नाही. त्यांना ते सुचलेच नाही, आणि हेच अधिक विचार करण्याजोगे आहे.

पुढचे काम केले ते काही हौशी संशोधकांनी. ग्रंथालयांतून जुन्या साप्ताहिकांच्या सूक्ष्मफिती यंत्रावर लावून, एकेक धावफलक उतरवून घेऊन, एकाच सामन्याचे दोन वृत्तपत्रांतील वृत्तांत ताडून पाहत त्यांनी वर्षानुवर्षे ही जुळणी केली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना समान दर्जा दिला. नंतर इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आकडे तपासले आणि मे २०२४ मध्ये तेवीसशेहून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य नोंदवहीत समाविष्ट झाले. कारकिर्दीची सर्वोच्च सरासरी : जोश गिब्सन, ०.३७२. कित्येक दशके पहिल्या स्थानी असलेले टाय कॉब ०.३६७ सह दुसरे. कारकिर्दीचे स्लगिंग : गिब्सन ०.७१८, बेब रूथ ०.६९०. एका मोसमाचे स्लगिंग : गिब्सन यांचे १९३७ चे ०.९७४, आधीचा उच्चांक बॅरी बाँड्स यांचा, २००१ सालचा, ०.८६३.

यावर आक्षेप आले, आणि ते सगळेच द्वेषमूलक नव्हते. कॉब यांच्या अकरा हजारांहून अधिक संधींतील सरासरी आणि गिब्सन यांच्या सव्वादोन हजारांच्या आसपास संधींतील सरासरी सारख्या मापाची कशी? हिशेब म्हणून प्रश्न रास्त आहे. परंतु २०२० साली महामारीमुळे मेजर लीगचा मोसम साठच सामन्यांचा झाला. त्याचे आकडे कोणी बाजूला ठेवले नाहीत. रूथ आणि कॉब यांच्या अधिकृत आकड्यांत सॅचेल पेजसारख्या पिचरचा एकही चेंडू नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल. आणि ज्यास आपण अचूक म्हणतो ती वही तरी किती अचूक? कॉब यांच्या १९१० सालच्या हिशेबात एक सामना दोनदा धरला गेल्याचे संशोधकांनी कधीच दाखवून दिले आहे. तो दुरुस्त केला तर त्यांची सरासरी ०.३६६ भरते, मेजर लीगच्या वहीत ती ०.३६७ च राहिली आहे.

एक गोष्ट मात्र नव्या वहीने गिब्सन यांच्या चाहत्यांकडून काढून घेतली. अधिकृत लीग सामन्यांत त्यांचे होम रन पावणेदोनशेच्या आसपास भरतात. आठशे नाहीत. काही जुन्या चाहत्यांना याचे वाईट वाटले, आणि ते आम्ही समजू शकतो. उरलेले कित्येक होम रन कारखान्यांच्या पटांगणावर, गावजत्रेच्या मैदानावर, मेक्सिकोत आणि प्वेर्तो रिकोत मारले गेले. ते खरे होते, पण या वहीत बसत नाहीत. तरीही आम्हांस हा लहान आकडा अधिक मोलाचा वाटतो. आठशे म्हणणाऱ्यास ऐकणारा मान डोलावून सोडून देत असे. या पावणेदोनशेंपैकी प्रत्येक फटक्यास तारीख आहे, गाव आहे, प्रतिस्पर्धी संघ आहे.

निग्रो लीगच्या त्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांतील सुमारे तीन चतुर्थांश सामन्यांचेच धावफलक आजवर हाती आले आहेत. उरलेल्या पाव भागाचा शोध चालू आहे. या जुळणीतूनच १९४८ साली बर्मिंगहॅमच्या संघाकडून सतरा वर्षांच्या विली मेझ यांनी मारलेले दहा हिट त्यांच्या खात्यात जमा झाले, आणि जॅकी रॉबिन्सन यांच्या खात्यात कॅन्सस सिटीच्या एका मोसमाचे एकोणपन्नास. गिब्सन यांचा ०.३७२ हा आकडाही असाच हलता आहे. एखाद्या ग्रंथालयात एखाद्या साप्ताहिकाचा हरवलेला अंक सापडला, त्यात एखाद्या बुधवारच्या सामन्याचा धावफलक निघाला, आणि दुसऱ्या वृत्तपत्राशी तो ताडून जुळला, की तो पुन्हा मोजला जातो.